सामान मिळत नव्हतं तेव्हाचं आमचं सायकलचं दुकान : पाच वर्षांनी लिहिलेला रिव्ह्यू

हा रिव्ह्यू खरं तर मी २०२० लाच लिहायला बसलो होतो, अर्धा टाइप पण केला होता, दोन स्टार देऊन. तेव्हा पोस्ट केला नाही याचं आज मला फार बरं वाटतं, कारण ते दोन स्टार रागातले होते आणि राग चुकीच्या माणसावर होता. आता पाच वर्षं त्याच दुकानात जातोय, तेव्हा जे घडलं ते सगळं नीट लिहितो, लांबलचक होणार आहे.

दुकान म्हणजे तेव्हा एक गाळा, पुढे सात-आठ नव्या सायकली, मागे वर्कशॉप, दोन मेकॅनिक आणि स्वतः मालक, म्हणजे काका. काका गिऱ्हाइकाशी फार गोड वगैरे बोलत नाहीत, हे आधीच सांगतो. विचारलं तेवढंच उत्तर.

जून २०२० मध्ये मी पहिल्यांदा गेलो. माझी हायब्रिड सायकल, मागे नऊ गिअरची, दोन वर्षं जिन्याखाली उभी होती, कामावर जायला गर्दीच्या बसमध्ये चढायची हिंमत होत नव्हती म्हणून बाहेर काढली, धुतली, हवा भरली आणि चार दिवसात लक्षात आलं की चढावर जोर लावला की चेन सटकते, म्हणजे पडत नाही पण दातांवरून खाड्कन उडी मारते आणि पाय एकदम खाली जातो, ट्रॅफिकमध्ये हे झालं की जीव वर येतो. दुकानात गेलो तर बाहेर रांग. सगळ्यांच्या सायकली अशाच, वर्षानुवर्षं पडून असलेल्या, टायरला भेगा, केबल गंजलेल्या, ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटलेल्या. जिम बंद, बस-ट्रेनची भीती, मुलं घरात कोंडलेली, त्यामुळे जगभर एकाच वेळी सगळ्यांना सायकल आठवली. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लावला तेव्हा जी दुकानं उघडी ठेवायला परवानगी होती त्या यादीत सायकलची दुकानं होती, फ्रान्सने मे २०२० पासून जुनी सायकल दुरुस्त करायला ५० युरोपर्यंत मदत दिली. म्हणजे सरकारंच सांगत होती सायकल काढा, आणि लोकांनी काढल्या, पण इतक्या सायकलींना लागणारं सामान कुठून येणार हा विचार तेव्हा कुणीच केला नव्हता. मी तरी नव्हता केला.

काकांनी माझी चेन पट्टीने मोजली. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, आता मी सगळ्यांना सांगत असतो. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे एका पिनेपासून २४ जोड मोजले की बरोबर १२ इंच भरायला पाहिजेत. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरली तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत जास्त भरली तर बहुतेक वेळा मागची कॅसेटपण (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) गेलेली असते, कारण ताणलेली चेन दाते खाते. माझी सरळ एक सूत जास्त. काका म्हणाले, "चेन आहे माझ्याकडे, कॅसेट नाही. आणि नुसती चेन मी तुम्हाला टाकून देणार नाही."

मला वाटलं हा माणूस धंदा कसा करतो, चेन आहे ना, मग टाक की. तेव्हा त्यांनी समजावलं की जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींना घासत घासत एकमेकींसारख्या झालेल्या असतात, त्या जोडीने अजून काही महिने ओढतील. नवी चेन त्या घासलेल्या दातांवर टाकली तर ती बसणारच नाही, आज एक-दोन गिअरवर सटकते ती उद्या सगळ्यांवर सटकेल, चेनचे पैसे गेले आणि सायकल पण बंद. मग त्यांनी स्वतः चक्कर मारून बघितलं कुठल्या गिअरवर सटकते, माझे नेहमीचे दोन गिअर निघाले, मधले, आणि म्हणाले हे दोन सोडून चालवा, चढावर पुढची छोटी चकती वापरा, कॅसेट आली की दोन्ही एकदम टाकू. गिअर ट्यून केले, पुढचे-मागचे ब्रेक आवळले, मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, तेवढ्याचेच पैसे घेतले. कॅसेट कधी येईल विचारलं तर म्हणाले, "तारीख मला कुणी देत नाही, तर मी तुम्हाला कुठून देऊ?" आणि एक वही काढली, त्यात नाव, फोन, सायकलचं मॉडेल, कुठला पार्ट, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं "चालू आहे".

तो शेवटचा रकाना लक्षात ठेवा, पुढे त्याचीच भानगड झाली.

मी अर्थात घरी येऊन लगेच ऑनलाइन शोधायला लागलो. एका साइटवर माझी कॅसेट 'इन स्टॉक' दिसली, पैसे भरले, आठवड्याने मेल आला की डिलिव्हरी तीन आठवड्यांनी, मग पुढच्या महिन्यात, मग "सप्लायरकडून प्रतीक्षा". पूर्ण पैसे आधी घेतलेले. चौथ्यांदा तारीख पुढे गेल्यावर कॅन्सल केलं, पैसे परत यायला आणखी दीड महिना. हे सांगायचं कारण, दुकानदार "तारीख नाही" म्हणाला तेव्हा मला तो आळशी वाटला होता आणि वेबसाइटने तारीख दिली तेव्हा ती मला प्रोफेशनल वाटली होती. दोघांकडेही माल नव्हता. एकाने ते तोंडावर सांगितलं, दुसऱ्याने माझे पैसे धरून ठेवले.

आता तो रकाना. ऑगस्टमध्ये मी सहज विचारायला गेलो तर दुकानात पुढे लावलेल्या एका नव्या सायकलचं मागचं चाक गायब. पुढचं चाक जागेवर, मागे नुसती मोकळी फ्रेम, खाली लाकडी ठोकळा लावून उभी केलेली. ती पण नऊ गिअरची, म्हणजे तिच्या मागच्या चाकावर मला हवी तशीच कॅसेट होती! मी विचारलं तर मेकॅनिक दादा बोलून गेला की काल एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं चाक मोडलं, हबच, म्हणजे चाकाचा मधला भागच, फुटला होता, काकांनी शोरूमच्या सायकलचं चाक काढून दिलं. मी भडकलो. अक्षरशः आवाज चढवला. म्हटलं मी जूनपासून वहीत आहे, तो काल आला, नवी सायकल फोडायचीच होती तर माझ्यासाठी का नाही फोडली? काका शांतपणे वही उघडून म्हणाले, "तुमच्यापुढे काय लिहिलंय? चालू आहे. त्याची बंद होती. त्याचं काम सायकलवर आहे, उभी राहिली की त्या दिवशीची कमाई उभी राहिली." मी काहीच न बोलता निघून आलो आणि घरी येऊन तो दोन स्टारवाला रिव्ह्यू टाइप करायला बसलो.

पोस्ट का नाही केला, तर रागात टाइप करता करता पुढचं वाक्य सुचेना. माझी तक्रार काय होती नेमकी? माझी सायकल चालतच होती. रोज कामावर जात होतो तिच्यावरून. दोन गिअर सोडून.

काकांनी त्या एका सायकलचं काय गमावलं हे पण मला नंतर कळलं. ती सायकल पुढचे कितीतरी महिने विकता आली नाही, कारण तसं चाक मिळेना, आणि त्या काळात नवी सायकल म्हणजे दुकानात आली की दोन दिवसात जायची, लोक रंग पण विचारत नव्हते. म्हणजे हातातलं गिऱ्हाईक सोडून त्यांनी तो मुलगा चालता केला. सगळ्याच दुकानांनी असं केलं असं मी म्हणणार नाही, काहींनी उरलेला माल दुप्पट भावाने विकला, ते पण बघितलंय. या दुकानाने ट्यूबचा भाव वाढवला तो फक्त त्यांना जेवढा जास्त पडला तेवढा, आणि एका माणसाला दोनच ट्यूब, तिसरी मागितली तर नाही. पंक्चर असेल तर आधी पंक्चरच काढायचे, एका ट्यूबला पाच-सहा पॅच असले तरी, घासून, सोल्यूशन लावून, नीट वाळू देऊन. आधी लोक पंक्चरला ट्यूबच बदलून मागायचे, इथे परत पॅच मारायला शिकले.

टंचाई का होती यावर तेव्हा खूप अफवा होत्या, की दुकानदारांनी माल दाबून ठेवलाय वगैरे. मी नंतर बरंच वाचलं आणि काकांकडून ऐकलं त्यावरून सांगतो. सायकल ही एका कारखान्यात बनत नाही. फ्रेम एकाची, चेन दुसऱ्याची, गिअर-ब्रेक तिसऱ्याचे, टायर चौथ्याचे, आणि यातला एक तुकडा जरी आला नाही तरी बाकीची तयार सायकल कारखान्यात पडून राहते. त्यात गिअर-ब्रेक बनवणारे जगात मोजकेच. शिमानो जपानची, पण तिचे कारखाने सिंगापूर, मलेशिया, चीनमध्येही आहेत. २०२० च्या सुरुवातीला चीनमधलं काम थांबलं, १८ मार्चपासून मलेशियात सगळं बंद, आणि कारखाने परत सुरू होतायत तोवर मागणी वाढलेली. सायकल इंडस्ट्रीची सवय अशी की गोदामात कमीत कमी माल ठेवायचा, त्यामुळे होता तो साठा काही आठवड्यात संपला. मग २०२१ मध्ये मार्चच्या २३ ते २९ तारखेपर्यंत एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, मे-जूनमध्ये चीनच्या यांतियान बंदरात कोविडमुळे काम मंदावलं, जूनमध्ये मलेशियात पुन्हा कडक लॉकडाऊन, त्यानंतर व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीच्या भागात. रिकामे कंटेनर नको त्या बंदरांत अडकून पडलेले आणि कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी वाढलेलं. काकांनी मला एकदा डिस्ट्रिब्युटरचा मेल दाखवला, २०२१ मध्ये दिलेल्या ऑर्डरपुढे २०२२ च्या शेवटाची तारीख होती. एका साध्या डिरेलरसाठी, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागासाठी. अशा वेळी गल्लीतला दुकानदार काय माल दाबणार, मोठ्या कंपन्या आधी आपल्या नव्या सायकलींना पार्ट देणार, मग मोठ्या साखळी दुकानांना, आणि सुट्या कॅसेटसाठी फोन करणारा एका गाळ्याचा दुकानदार सगळ्यात शेवटी.

माझी कॅसेट फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. आठ महिने. तीही हवी ती नाही, मला सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची हवी होती आणि आली ११-३२ ची, म्हणजे मोठी चकती ३२ दात्यांची. काकांनी फोनवरच सांगितलं की सर्वात हलका गिअर थोडा जड होईल, चढ जास्त असेल तर जाणवेल, नको असेल तर पुढच्या माणसाला देतो. मी घेतली. चेन तिच्या मापाने कापून, डिरेलर सेट करून त्याच दिवशी सायकल हातात. फरक जाणवतो का, हो जाणवतो, एका मोठ्या चढावर अजूनही वाटतं की अजून एक गिअर पाहिजे होता. पण सांगून दिलं होतं, त्यामुळे कधी फसवल्यासारखं वाटलं नाही.

मुलीच्या सायकलचं वेगळंच. मुलं तर टंचाई आहे म्हणून वाढायची थांबत नाहीत ना. २० इंची तिला छोटी झाली, गुडघे हँडलला लागायला लागले, आणि २४ इंची कुठेच नाही. दुसऱ्या एका दुकानात २६ इंची तयार होती, तिथला माणूस म्हणाला घेऊन टाका, दोन वर्षांत बरोबर बसेल. मी घेणारच होतो. इथे काकांना सहज विचारलं तर त्यांनी तिला भिंतीला उभं करून पायाची उंची मोजली आणि स्पष्ट नाही म्हणाले, सीटवरून उतरल्यावर तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत, अचानक थांबावं लागलं तर पोरगी पडेल, आणि एकदा घाबरली की सायकल सोडून देईल. त्यांनी त्या काळात एक पद्धत सुरू केली होती, मुलांना छोटी झालेली सायकल दुकानात आणून द्यायची, ते ती ओव्हरहॉल करून पुढच्या मुलाला देणार आणि तुम्हाला मोठी मिळाली की तेवढे पैसे वजा. आम्ही २० इंची देऊन आलो, पाच आठवड्यांनी कुणाची तरी २४ इंची आली, जुनी, रंग उडालेला, पण हबचे छर्रे बदललेले, नवं ग्रीस, नव्या केबल, ब्रेक मुलीच्या बोटांना दाबता येतील असे सेट केलेले. तिने त्यावर अडीच वर्षं काढली. मग तीच सायकल आम्ही परत दिली आणि ती तिसऱ्या घरी गेली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

आता जे आवडलं नाही ते. फोन उचलत नाहीत, तेव्हाही नव्हते उचलत आणि आताही नाही, तुम्हाला प्रत्यक्षच जावं लागतं, आणि लॉकडाऊनच्या काळात पोलीस, पास, वेळा हे सगळं सांभाळून जायचं आणि "अजून नाही आली" ऐकून परत यायचं हा त्रास खरा होता, एक मेसेज टाकला असता तरी चाललं असतं. दुसरं, २०२१ मध्ये माझं मागचं टायर गेलं तेव्हा ७०० बाय ३५ (म्हणजे ३५ मिमी रुंद) मिळत नव्हतं, तर त्यांनी २८ चं टाकलं. बसतं ते रिमवर, चूक नाही, पण बारीक टायरला हवा जास्त ठेवावी लागते आणि खराब रस्त्यावर पाठ दुखते, हे त्यांनी आधी सांगितलं नाही, कॅसेटच्या वेळी एवढं सांगितलं आणि टायरच्या वेळी घाईत राहिलं. दोनदा स्पोक तुटले माझे. त्यांनी स्पोक फुकट टाकून दिले, पण तोवर दोन दिवस बसने जावं लागलं. तिसरं, वही. वही चांगली आहे पण कुणाला आधी द्यायचं हे पूर्णपणे काकांच्या मनावर, आणि माझ्या बाबतीत त्यांचा निर्णय बरोबर होता म्हणून प्रत्येकाच्या बाबतीत असेलच असं नाही. रांगेतल्या माणसाला आधी सांगायला हवं की नंबर आणि गरज दोन्ही बघणार. एक पाटी लावली असती तर मी तरी भांडलो नसतो.

नवी सायकल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या काळात कंपन्यांनी जे पार्ट मिळाले ते लावून सायकली पाठवल्या, त्यामुळे मॉडेलचं नाव तेच, वर्ष तेच, पण एकीला वेगळा डिरेलर, दुसरीला वेगळे ब्रेक. माझ्या मित्राला काकांनी कॅटलॉग आणि प्रत्यक्ष सायकल शेजारी ठेवून काय काय बदललंय ते दाखवलं, मग पैसे घेतले. आज त्या काळातली सेकंडहँड सायकल घेत असाल तर नावावर जाऊ नका, पार्ट बघून घ्या.

आणि मग सगळं उलटं झालं, ज्याबद्दल गिऱ्हाईक फारसं बोलत नाहीत कारण आपला तर फायदाच झाला. २०२१ मध्ये सगळ्यांनी घाबरून दुप्पट-तिप्पट ऑर्डर दिलेल्या, तो माल २०२२-२३ मध्ये एकदम येऊन पडला, आणि तोवर लोक परत गाडीत, बसमध्ये, जिममध्ये. शिमानोची एकूण विक्री, मासेमारीचं सामान धरून, २०२२ मध्ये सुमारे ६२९ अब्ज येन होती ती २०२३ मध्ये ४७४ अब्जांवर आली, म्हणजे एका वर्षात जवळपास पाव हिस्सा गेला. ब्रिटनमधलं विगलसारखं मोठं ऑनलाइन दुकान ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. ऑनलाइन तर एवढे डिस्काउंट लागले की काका ज्या भावाला सायकल खरेदी करत होते त्यापेक्षा कमी भावात घरपोच मिळत होती. त्यांच्या दुकानात तेव्हा चालायला जागा नव्हती इतका माल, चढ्या भावाने आणि चढ्या भाड्याने आलेला. दोनातला एक मेकॅनिक दादा त्याच वर्षी सोडून गेला. मी एकदा विचारलं की तुम्ही पण जास्त ऑर्डर दिली होती का, तर म्हणाले, "वहीत दीडशे नावं होती. त्यांच्यासाठीच मागवलं. माल आला तोवर त्यातल्या निम्म्यांना नको होता." ते बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता पण मला फार वाईट वाटलं, कारण मी पण त्या वहीत एका सायकलसाठी नाव लिहिलं होतं आणि मधल्या काळात विचार बदलला हे कळवलं नव्हतं. मी त्यांना फोन उचलत नाहीत म्हणून नावं ठेवतो, पण मी तरी कुठे कळवलं.

दुकान टिकलं ते वर्कशॉपवर. नव्या सायकली आता चार-पाचच ठेवतात, बाकी सगळं दुरुस्ती, सर्व्हिसिंग आणि ती मुलांच्या सायकलींची अदलाबदल, जी अजून चालू आहे.

चार स्टार देतोय. एक कापला तो टायर आणि फोनसाठी. जाणार असाल तर सकाळी जा, संध्याकाळी गर्दी असते आणि काका घाईत असतात. जुना पार्ट काढून सोबत न्या किंवा सायकलच न्या, फोटोवरून ते पार्ट देत नाहीत. आणि वहीत नाव लिहिलंत आणि मग दुसरीकडून घेतलंत तर जाऊन नाव खोडून या.